गेणबाचे गुरुवार

आपली बायको फोनोच्या दुरुस्तीला दुसऱ्या कुणाला तरी बोलावते आहे, हे ज्ञानदेवांना कळलं तेव्हा त्यांच्या अर्ध्या गालावर साबण होता. स्वयंपाकघरातून आक्काबाईंचं मोबाईलवरचं बोलणं ऐकू येत होतं.

"व्हय गेणू, येत्या गुरवारीच ये. आतली पाती मोडलीया म्हणं. न्हाई रं, हितं कुणाला जमंना."

वस्तरा हनुवटीवर घसरला. रक्ताचा थेंब पुसताना ज्ञानदेवांनी त्या वाक्याची चिरफाड केली. घरात माणसं दोन. पैकी एक आक्काबाई. म्हणजे 'कुणाला' हा शब्द कुणासाठी होता, हे शोधायला फार गणित लागत नव्हतं. पण त्याहून खोल लागला तो 'गेणू'. बेचाळीस वर्षांच्या संसारात आक्काबाईंनी नवऱ्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. घरात ते 'अवं' होते, बाहेर 'मनीषचे बाबा'. आणि हा कोण गेणू, त्याला एका फोनमध्ये तीनदा नावाने हाक मारून झाली होती.

ज्ञानदेव पिरंगुटच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं टर्नर होते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी त्यांचा रोजचा व्यवहार होता. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी मायक्रोमीटर त्यांच्या कपाटात धुतलेल्या रुमालात गुंडाळून ठेवलेला असे. कासार आंबोलीत कुणाच्या बंगल्याचं फाटक कुरकुरलं, कुणाची विहिरीवरची मोटार थरथरली, तर लोक त्यांच्याकडे येत. आणि अशा माणसाच्या घरात 'हितं कुणाला जमंना'.

फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, जानेवारीत ताम्हिणीहून आला होता. आक्काबाईंचा भाऊ प्रमोद तिथलं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधत होता. माळ्यावर सापडलेली सागवानी पेटी, पितळी कर्णा आणि धोतरात गुंडाळलेली एक तबकडी त्याने टेंपोत घालून बहिणीकडे पाठवली. त्या एका तबकडीबद्दल ज्ञानदेवांनी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ऐकलं होतं. आक्काबाईंचे वडील बाळोबा, म्हणजे नाना, जलशात झीलकरी होते. शाहीर ओळ म्हणतो आणि मागे उभे असलेले झीलकरी 'जी जी रं जी' म्हणतात, त्यातले एक. त्यांच्या जलशाची एकच तबकडी पुण्यात निघाली. आक्काबाई सात वर्षांच्या असताना फोनो बिघडला आणि ती तबकडी पुन्हा कुणी ऐकली नाही.

"आमच्या नानांचा जी शंभरात वळखू येतुया," आक्काबाई म्हणत. कुणी गाणं म्हटलं की म्हणत, टीव्हीवर गाण्याची स्पर्धा लागली की म्हणत, आणि ज्ञानदेव आंघोळ करताना गुणगुणले की तर हमखास म्हणत. ज्ञानदेवांनी सासऱ्यांना पाहिलं नव्हतं. तरी बेचाळीस वर्षं ते त्या एका 'जी'शी झुंजत होते आणि दर वेळी हरत होते.

बिघाड काय होता ते त्यांनी पहिल्याच दिवशी शोधलं होतं. पेटीच्या पोटात मोठी स्प्रिंग असते. चावी दिली की ती आवळते, मग सुटत सुटत वरची तबकडी फिरवते. ती बेभान सुटू नये म्हणून एका दांड्याभोवती तीन शिशाचे गोळे तीन पोलादी पात्यांवर बसवलेले असतात. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात, एक चकती ओढतात, ती चामड्याच्या लहानशा तुकड्याला घासते आणि वेग आवरला जातो. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे, ना कमी ना जास्त. तीन पात्यांतली एक तुटली होती. ज्ञानदेवांनी उरलेल्या दोन मोजल्या. जाडी सतरा शतांश.

इतका पातळ पत्रा काही मिळेना. शेवटी त्यांनी हॅक्सॉचं पातं घासून घासून चाळीस शतांशांवर आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एका कामाला 'चालतंय' म्हटलं. ते चाललं नाही. चाचणीच्या दिवशी भारदस्त शाहीर चिमणीच्या आवाजात, शेपटीला आग लागल्यासारखा गाऊ लागला, पेटी थरथरत टेबलावरून दोन बोटं सरकली, आणि नानांचा 'जी' यायच्या आतच आतून ठक्क असा आवाज येऊन सगळं थांबलं. आक्काबाईंनी तबकडी उचलली, धोतरात गुंडाळली आणि फक्त "ऱ्हाऊ द्या" म्हणाल्या. भांडल्या असत्या तर परवडलं असतं.

गेणूचं, म्हणजे गेणबाचं, पौडला घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि ते गुरुवारी बंद असे. म्हणून गेणबा गुरुवारी आला. फाट्यावर बसमधून उतरून चालत, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, गळ्यात दोरीने बांधलेलं घड्याळजींचं भिंग. सडपातळ, पांढऱ्या सदऱ्याला कडक इस्त्री. ज्ञानदेवांना ती इस्त्रीही खटकली.

"जय भीम, दाजी," गेणबा वाकून म्हणाला.

तो ताम्हिणीचा, आक्काबाईंच्या वाडीतला, त्यांच्याच वर्गातला. त्या नात्याने तो त्यांचा भाऊ आणि ज्ञानदेव त्याचे दाजी. हे सगळं रीतसर होतं. पण पोटात दुखायला लागलं की ते रीत विचारत नाही.

गेणबाने पेटी उलटी केली, भिंग डोळ्याला लावलं आणि चिमट्याने ती जाड पाती बाहेर काढली.

"ही कुणी बसवली? लोहाराकडं दिलं व्हतं काय?"

आक्काबाईंनी पदर तोंडाला लावला.

"हॅक्सॉची हाय," ज्ञानदेव म्हणाले. "चांगल्या कंपनीची."

"तरीच. अजून नळ कापंल."

"मूळची जाडी सतरा शतांश हाय. लिहून ठेवलीया. देऊ का?"

"मी मोजत न्हाई दाजी. नखावर वाकवून बघतो."

ज्ञानदेवांच्या अंगावर काटा आला. गेणबाने डब्यातून जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगची एक पट्टी काढली, अंगठ्याच्या नखावर वाकवली, मान हलवली आणि बाजूला ठेवली. तो पाणी प्यायला आत गेला तेवढ्यात ज्ञानदेवांनी ती पट्टी मायक्रोमीटरमध्ये धरली. सतरा. त्यांनी आकडा पुन्हा पाहिला, मायक्रोमीटर पुसला, पुन्हा धरला. सतराच.

जेवायला सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी होती. गेणबाच्या ताटात बोंबील चार, ज्ञानदेवांच्या ताटात तीन. बोलणं सगळं ताम्हिणीचं. कोणत्या मास्तरांची छत्री कुणी पळवली, कुणाची म्हैस शाळेत कशी शिरली. ज्ञानदेव त्या गोष्टींत कुठेच नव्हते. ते मोजत होते. आक्काबाई अकरा वेळा हसल्या. एरवी आठवड्यात चारदा हसत, त्यातलं दोनदा टीव्हीकडे बघून.

"पट्टीला टोकाला भोक पाडाया आधी ती तापवून मऊ करावी लागती," गेणबा निघताना म्हणाला. "दुकानात करतो आन पुढच्या गुरवारी घेऊन येतो."

त्या संध्याकाळी ज्ञानदेवांनी जांबे गावी राहणाऱ्या मुलाला फोन लावला. मनीष तिथे भाड्याने राहून हिंजवडीत नोकरी करत होता.

"तो तिला आक्के म्हणतो," ज्ञानदेव म्हणाले.

"बाबा, त्यांचं नावच आक्काबाई आहे."

"आन ती त्याला गेणू म्हणती."

"शाळेत एकत्र होते ना ते. बाबा, चिल. त्यांना तीन नातवंडं आहेत."

"मग नातवंडांत बसावं की."

"माझी मीटिंग आहे, ठेवतो," मनीष म्हणाला, आणि फोन ठेवण्याआधी तो हसल्याचं ज्ञानदेवांनी स्पष्ट ऐकलं.

दुसऱ्या गुरुवारी गेणबाने नवी पाती बसवली. ज्ञानदेव शेजारी स्टुलावर बसून पाहत होते आणि मनात चूक शोधत होते. चूक नव्हती. तिन्ही गोळे दांड्याभोवती असे बसले होते की कारखान्यात असते तर ज्ञानदेवांनी स्वतः त्या माणसाच्या पाठीवर थाप मारली असती.

"झालं दाजी. हात धुऊन येतो, मग लावू तबकडी." गेणबा परसात गेला. आक्काबाई धोतरातली तबकडी आणायला आतल्या खोलीत गेल्या.

ज्ञानदेव आणि फोनो दोघंच राहिले. आता दोन मिनिटांत हा वाजणार. मग मरेपर्यंत दर सणाला, दर पाहुण्यापुढे ऐकावं लागणार की गेणूनं केलं. नानांचा 'जी' एक होताच, आता त्याला गेणूची पाती मिळणार. त्यांनी चिमटा घेतला, चकतीला घासणारा तो मसुरीएवढा चामड्याचा तुकडा अलगद उचलला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

गेणबाने आधी तबकडी न ठेवताच वरची फिरती चकती सोडून पाहिली. ती पंख्यासारखी सुटली.

"आं? आवरंना कशी?" त्याने पेटी उघडली. "चामडं गळालंय." मग तो भिंग लावून फरशीवर रांगला, टेबलाखाली पाहिलं, स्टुलाखाली पाहिलं. उठताना त्याची नजर क्षणभर ज्ञानदेवांच्या छातीशी थांबली. ज्ञानदेवांनी हाताची घडी घातली.

"नवं करावं लागंल," गेणबा म्हणाला. "करतो. पण तेलात मुरायला आठ दिस जात्याल."

"आठ?"

"आठ."

"मग पुढच्या गुरवारी निवांत जेवायलाच ये की," आक्काबाई म्हणाल्या. "कोंबडी करते."

रात्री ज्ञानदेवांनी आपल्या कृतीचा हिशेब मांडला, आणि त्यात मूलभूत घोळ आढळला. गेणबा हरावा म्हणून त्यांनी बिघाड केला होता. पण बिघाड झाला की गेणबा येतो, आणि बिघाड जितका मोठा तितका स्वयंपाक मोठा. बोंबलावरून प्रकरण कोंबडीवर गेलं होतं. याच गतीने दोन बिघाडांत मटण झालं असतं. उलट फोनो दुरुस्त झाला तर गेणबाला यायचं कारणच राहत नव्हतं. म्हणजे फोनो दुरुस्त व्हायला हवा, ताबडतोब, आणि ज्ञानदेवांच्या हातून.

बुधवारी दुपारी आक्काबाई विहारात महिला मंडळाच्या बैठकीला गेल्या. ज्ञानदेवांनी खिशातला तुकडा काढला, जागेवर बसवला, एक थेंब तेल सोडलं. वरच्या फिरत्या चकतीच्या कडेला खडूची खूण केली आणि घड्याळ समोर ठेवून फेरे मोजले. एक्क्याऐंशी. स्क्रू थोडा फिरवला. एकोणऐंशी. आणखी केसभर. अठ्ठ्याहत्तर. त्यांनी तीनदा मोजलं. तबकडी मात्र लावली नाही. ती पहिल्यांदा आक्काबाईंनी ऐकावी, आणि ऐकताना शेजारी आपण उभं असावं, असा त्यांचा बेत होता.

आक्काबाई परतल्या त्या लगबगीने. ज्ञानदेव तोंड उघडणार तोच म्हणाल्या, "उद्या समद्या बाया येणार हायेत. सुलक्षणा म्हणली, बाळोबांचा आवाज आमाला बी ऐकू द्या. पंधराजणी तरी व्हतील. गेणूला बी सांगितलंय, लवकर ये म्हणून."

ज्ञानदेवांनी तोंड मिटलं. हरकत नाही. उलट बरंच झालं. पंधराजणींसमोर गेणबा डबा उघडेल, आणि आपण म्हणू, कष्ट घेऊ नका, आम्ही घरीच जुळवलाय.

गुरुवारी सकाळी आक्काबाईंनी त्यांना कोंबडी आणायला पिरंगुटला पिटाळलं. "गेणूला तंगडी आवडती, तशी बघून आणा," हे वरून. आपल्याच वैऱ्यासाठी तंगड्या निवडत ज्ञानदेव दुकानात उभे राहिले, पण आज त्यांना त्याचंही काही वाटलं नाही.

दुपारी ओसरी भरली. सुलक्षणाबाई, महिला मंडळाच्या अध्यक्षा आणि शेजारीण, खुर्ची ओढून कर्ण्याच्या बरोबर समोर बसल्या. गेणबा आला, डबा खाली ठेवला. ज्ञानदेव उभे राहिले.

"पाहुण्यांना आता काही करायला लागणार न्हाई," ते म्हणाले. "मी काल बसून जुळवलाय. अठ्ठ्याहत्तर फेरे. मोजून."

"बरं झालं की दाजी," गेणबा म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला. निदान ज्ञानदेवांना तो पडलेला दिसला, आणि पंधरवड्यात प्रथमच त्यांच्या पोटाला थंड वाटलं.

आक्काबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही.

ज्ञानदेवांनी चावी दिली. तबकडी संथ, समतोल फिरू लागली. त्यांनी सुई टेकवली. कर्ण्यातून खर्र, खर्र असा चुलीत ओलं लाकूड घातल्यासारखा आवाज आला. शाहीर नाही, जी नाही, काही नाही.

"हाच का आवाज बाळोबांचा?" मागून कुणीतरी विचारलं.

गेणबा पुढे झाला. त्याने कर्ण्याच्या नळीच्या टोकाची डबी काढली. सुईची थरथर याच डबीतल्या अभ्रकाच्या गोल चकतीला पोचते आणि तीच बोलते. त्याने ती उजेडात धरली. अभ्रक मधोमध फुटलं होतं.

ज्ञानदेवांनी क्षणात सगळं जुळवलं. काल जुळवतानाही त्यांनी त्या डबीला हात लावला नव्हता. मग कुणी लावला? ज्याला इथे पुन्हा यायचंय त्याने. ज्याला तंगडी आवडते त्याने.

"गेल्या गुरवारी पेटी शेवटी कुणी मिटली व्हती?" त्यांनी मोठ्यांदा विचारलं.

"मी," गेणबा म्हणाला.

"मग झालं. मला काही म्हणायचं न्हाई. पण दर गुरवारी नवं काहीतरी मोडतंय, आन दर गुरवारी हितं जेवण व्हतंय."

गेणबाने डबी खाली ठेवली. "दाजी," तो हळू म्हणाला, "चामडं आपोआप गळतं, आपोआप परत येतं. आता अभ्रक बी आपोआप फुटलं. मी म्हणतो, ज्याच्या घरात घडतंय त्यानंच जरा बघावं."

"म्हणजे काय म्हणायचंय?"

"अवं," आक्काबाई दारातून म्हणाल्या, "जरा आत या."

स्वयंपाकघरात रश्शाला उकळी येत होती. आक्काबाईंनी दार ओढून घेतलं.

"त्याला कशाला बोलताय? म्या फोडलं."

ज्ञानदेवांना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"सकाळी. तुमी कोंबडीला गेला तवा. अंगठ्यानं दाबलं."

"का पण?"

"पेटी पुसाया गेले, चावी फिरवून बघितली. तर फोनो चालू. म्हणलं, समद्यांच्या आधी एकटीनं ऐकावं एकदा. लावली तबकडी." त्या रश्शात पळी फिरवू लागल्या. "शाहीर वळ म्हणतुया. मग समदे झीलकरी एका दमात जी जी रं जी म्हणत्यात. मग थांबत्यात."

"मग?"

"मग आमचं नाना म्हणत्यात. एकटंच. जी."

"किती उशिरा?" ज्ञानदेवांनी विचारलं. ते विचारल्याशिवाय त्यांना राहवणं शक्य नव्हतं.

"तवर शाहीर पुढच्या वळीला लागलेला असतुया."

"एकदाच झालं आसंल. चुकून."

"पाच येळा," आक्काबाई म्हणाल्या. "मोजलं म्या."

नानांचा आवाज शंभरात ओळखू कसा येतो, हे ज्ञानदेवांना बेचाळीस वर्षांनी कळलं. हसू छातीतून गळ्यापर्यंत आलं. ज्या 'जी'ने त्यांच्या प्रत्येक गुणगुणण्यावर पाणी फिरवलं होतं, तो 'जी' ताल चुकलेला होता, आणि दाराबाहेर पंधरा साक्षीदार बसले होते. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पळी फिरवत होती, पण पळी रश्शाच्या वरूनच फिरत होती.

हसू गळ्यातून परत खाली गेलं.

"कुणाला सांगू नका," आक्काबाई म्हणाल्या. "गेणूला तर न्हाईच."

"न्हाई."

"आन ते चामडं सदरा धुताना घावलं व्हतं मला. परत खिशात ठेवलं म्या. जावा आता भाईर."

ज्ञानदेव दाराशी जाऊन थांबले. चामड्याचं ऐकून कान तापले होते, पण त्याखाली दुसरंच काहीतरी होतं. 'गेणूला तर न्हाईच.' म्हणजे जगात ही गोष्ट फक्त दोघांना ठाऊक. ताम्हिणीच्या सगळ्या छत्र्या आणि म्हशी एका बाजूला, आणि हे एका बाजूला. ते ताठ मानेने ओसरीवर आले.

"अभ्रक माझ्या हातनं फुटलं," त्यांनी जाहीर केलं. "काल जुळवताना. पाहुण्यांचा काही दोष न्हाई. मी उगीच बोललो."

"अवं भावजी," सुलक्षणाबाई म्हणाल्या, "पण तुमाला हात लावाया सांगितला कुणी? मागच्या टायमाला बी तुमीच मोडला व्हता म्हणं."

"एवढं गेणबांनी बस बदलून यायाचं, आन ह्यांनी मोडून ठेवायचं," दुसरी म्हणाली.

"वर त्यांनाच चोर ठरवायचं," तिसरी.

ज्ञानदेवांनी ते सगळं गिळलं. आश्चर्य म्हणजे ते गिळलं जात होतं. गेणबा मात्र खाली मान घालून घाईघाईने डबा आवरत होता. त्या घाईत एक कागदाची पुडी सुटून सुलक्षणाबाईंच्या पायाशी पडली. त्यांनी ती उघडली.

"हे बी तसलंच दिसतंय. गोल."

गेणबा थबकला. "ते व्हय. हाय एक. जुन्या फोनोतलं."

"मग बसवा की."

"ते बसंल का न्हाई, सांगता येत न्हाई. नाजूक असतंय."

"बघा तरी. आमी काय, बसलोय निवांत. न्हाईतर आमच्या बहिणीचा किशोर हाय पुण्यात, असलीच जुनी यंत्रं करतो. बोलावलं तर दोन दिसात येईल. ग्यारंटीनं करतो."

स्वयंपाकघराच्या दारात आक्काबाई आल्या होत्या. त्यांनी ज्ञानदेवांकडे पाहिलं. नीट, थेट पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदा एसटीत जागा मिळाली नव्हती, तेव्हा नव्या नवरीने असंच पाहिलं होतं.

"द्या इकडं," ज्ञानदेव म्हणाले. "मी बसवतो."

ओसरीवर एकच गलका झाला. नको भावजी, तुमी नको, त्यांना करू द्या, कुणीतरी धरा ह्यांना. पण नवलाची गोष्ट अशी की गेणबाने काहीच हरकत घेतली नाही. त्याने अभ्रक ज्ञानदेवांच्या तळहातावर ठेवलं. मग डब्यातला लहान पेचकस उचलला, तो परत ठेवला आणि मोठा दिला.

अभ्रकाच्या मधोमध एक बारीक स्क्रू येतो. सुईची दांडी त्यानेच अभ्रकाला जोडलेली असते. तो किती आवळायचा हे चौतीस वर्षं आवळत आलेल्या हाताला कळत होतं. हात म्हणाला, बस. ज्ञानदेवांनी हाताचं ऐकलं आणि मग, आयुष्यात प्रथमच जाणूनबुजून, आणखी पाव फेरा दिला.

टिक्.

पंधराजणींनी एकदम श्वास सोडला. "झालं," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "आता तरी समाधान झालं का?"

"ह्यांची सवयच वंगाळ," आक्काबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. "दिसलं की हात लावायचा." आणि आत जाऊन पानं वाढायला लागल्या. आत गेल्यावर त्यांनी नाक शिंकरल्याचं फक्त ज्ञानदेवांना ऐकू आलं.

कोंबडी सगळ्यांना पुरली. तंगड्या दोन्ही गेणबाच्या ताटात गेल्या. ज्ञानदेवांनी त्या मोजल्या, पण मोजण्यात आज दम नव्हता.

संध्याकाळी ते गेणबाला फाट्यावर सोडायला गेले. आपणहून. बस यायला वेळ होता. पौडच्या बाजूने विटांचे दोन ट्रक गेले, धूळ बसली.

"दाजी," गेणबा म्हणाला, "चामडं तेलात मुरायला तासभर लागतुया."

"मग आठ दिस कशाला म्हणाला?"

गेणबाने डबा या हातातून त्या हातात घेतला. "वाजू नये म्हणून. पाती काय, टाळता आली न्हाई. आक्कीला न्हाई म्हणायची आमच्या वाडीत कुणाची टाप न्हाई. पण म्हणलं, जेवढं लांबंल तेवढं लांबवावं." तो रस्त्याकडे बघत राहिला. "बाळूनाना लई देवमाणूस. पण त्यांचा जी लई उशिरा यायचा. आमी पोरं वाडीत तोच खेळ खेळायचो. एकजण शाहीर, चौघं झीलकरी, आन एकानं मुद्दाम मागं ऱ्हायचं. फकस्त आक्कीला कळू द्यायचं न्हाई. तिला अजून ठावं न्हाई. तुमी बरं केलंत आज, मोठ्या पेचकसानं."

ज्ञानदेवांच्या पोटात जुन्या जागी जुनी कळ उठली. त्यांचं गुपित साडेतीन तासांचं होतं. या माणसाचं साठ वर्षांचं. आणि वर हा असा सभ्य, की त्याच्यावर धड चिडताही येईना.

दूरवर बस दिसली. गेणबाने सदरा झटकला.

"मग आता पुढच्या गुरवारी यायाचं का नगं, तुमीच सांगा दाजी."

नको, हा शब्द ज्ञानदेवांच्या ओठांपर्यंत आला होता. मग त्यांना सुलक्षणाबाईंचा पुण्याचा किशोर आठवला, दोन दिवसांत येणारा, ग्यारंटीने करणारा. गेणबा आला नाही तर तो येणार होता, आणि तो खरोखरच दुरुस्त करणार होता.

"या," ज्ञानदेव म्हणाले. दातांतून काढावा लागला तो शब्द. "जेवायलाच या."